तामसीहून समुद्राकडे : बेताच्या खर्चात उन्हाळी किनारा निवडताना

आदिलाबाद शहरापासून वीसेक किलोमीटरवर असलेल्या तामसीतून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र लांबच पडतो. सरळ रेषेत मोजले, तर आंध्रचा किनारा साडेचारशे किलोमीटरहून अधिक आणि मुंबई-कोकणचा किनारा सहाशेच्या घरात; रेल्वेने किंवा रस्त्याने हे अंतर आणखी वाढते. वड्डाडीच्या मत्तडीवागू प्रकल्पाचा जलाशय आणि सीमेवरून वाहणारी पैनगंगा, एवढीच काय ती या परिसराची मोठ्या पाण्याशी ओळख. मे महिन्यात आदिलाबादचा पारा ४४-४५ अंशांना भिडतो. कापूस विकून झालेला असतो, शाळांना सुटी लागलेली असते आणि मृगाची पेरणी अजून काही आठवड्यांवर असते. चार दिवस समुद्रावर जाऊन यावे, ही गोष्ट अनेक घरांत याच दिवसांत निघते.

कापसाच्या पैशातून घेणेकऱ्यांचे देणे भागल्यावर जे उरते, ते बहुधा पुढच्या बियाण्याखतासाठीच राखलेले असते. म्हणून सहलीची रक्कम आधी निराळी काढावी आणि तिच्यात बसेल तो किनारा निवडावा. किनारा आधी ठरवून मग पैशांची जुळवाजुळव करण्याचा उलटा क्रम या भागातील कुटुंबांना परवडणारा नाही. या हिशोबात खोलीचे भाडे ही पहिली बाब नव्हे. किती वेळा गाडी बदलावी लागते, कोणत्या तारखांना जायचे आणि समुद्राजवळ गेल्यावर दुपार कशी काढायची, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की खोलीचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो.

समुद्रकाठी उन्हाळा सौम्य असतो, हा समज अर्धाच खरा आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार वारा येतो. कोकणात आणि गोव्यात मे महिन्यातही हा वारा बहुतेक दिवशी नियमित वाहतो. त्यामुळे पारा ३३-३४ अंशांच्या आसपास थांबतो, मात्र दमटपणामुळे घाम वाळत नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर चित्र वेगळे आहे. तेथे एप्रिलअखेरीपासून पश्चिमेकडचा कोरडा, तापलेला वारा जमिनीवरून समुद्राकडे जोराने वाहू लागतो आणि समुद्रावरच्या वाऱ्याला आत शिरू देत नाही. अशा दिवशी बापट्ला किंवा ओंगोलच्या परिसरात समुद्र समोर दिसत असतानाही पारा ४० अंशांच्या पुढे जातो. आदिलाबादच्या उन्हाला कंटाळून निघालेल्या माणसाला तेथे पोहोचल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटते. दोष किनाऱ्याचा नसतो. तारीख आणि वेळ चुकलेली असते.

असे असूनही तामसीच्या कुटुंबाने पहिला विचार आंध्रच्याच किनाऱ्याचा करावा, याला एक भक्कम कारण आहे, आणि ते म्हणजे कृष्णा एक्स्प्रेस. आदिलाबादहून तिरुपतीला जाणारी ही गाडी किनवट, मुदखेड, निजामाबाद, वरंगल, विजयवाडा असा वळसा घेत बापट्ला आणि चिराला या दोन्ही स्थानकांवर थांबते. गाडी धीमी आहे, थांबे पुष्कळ आहेत. परंतु रात्री आदिलाबादला चढलेले कुटुंब कुठेही सामान न उतरवता दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रापासून दहा किलोमीटरच्या आत पोहोचते. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील, तर मध्ये गाडी न बदलण्याची किंमत वातानुकूलित खोलीपेक्षा जास्त आहे. शयनयान वर्गाचे भाडे माणशी पाचशेच्या आतबाहेर असल्याने चौघांच्या जाण्यायेण्याचा रेल्वेखर्च चार हजारांच्या आसपास बसतो. तिरुपतीच्या वारीला हीच गाडी धरणाऱ्या घरांना वाटेत एक मुक्काम वाढवून समुद्र पाहता येईल. मात्र त्यासाठी दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढणे सोपे पडते.

बापट्ला हे ४ एप्रिल २०२२ पासून आंध्र प्रदेशातील स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय आहे. भावनारायण स्वामींच्या प्राचीन मंदिरावरून गावाला हे नाव पडले. तेथून आठ-नऊ किलोमीटरवर सूर्यलंकेचा लांबरुंद वाळूचा किनारा आहे आणि आंध्र प्रदेश पर्यटन विकास महामंडळाचे ‘हरिता’ रिसॉर्ट अगदी वाळूला लागून आहे. चिरालापासून जवळचा वाडरेवु हा मुळात मच्छीमारांचा किनारा; त्याच्या शेजारी रामापुरमच्या बाजूस गेल्या काही वर्षांत खासगी रिसॉर्टची रांग उभी राहिली आहे. हैदराबाद आणि गुंटूरकडून मोटारीने येणाऱ्यांची शनिवारी-रविवारी तेथे झुंबड उडते आणि दर त्याच प्रमाणात चढतात. शेतकरी कुटुंबाला सोमवार काय आणि रविवार काय, सारखाच. म्हणून रविवारी संध्याकाळी गर्दी परतल्यावर पोहोचून बुधवारी किंवा गुरुवारी निघावे. तीच खोली, तेच जेवण, आणि दराबाबत घासाघीस करायला जागा.

खर्चाचा बेत अगदीच आखूड असेल, तर किनाऱ्यावर मुक्काम न करता बापट्ला किंवा चिराला गावात साधी खोली घ्यावी आणि पहाटे रिक्षाने समुद्रावर जावे. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो आणि पहाटे साडेपाच ते सकाळी साडेआठ हाच तेथील दिवसाचा सर्वांत सुखद काळ असतो. नऊनंतर वाळू तापते. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा जाता येते. मधले सात-आठ तास ज्या खोलीत काढायचे, तिला पंखा, सावली आणि अखंड वीज आहे ना, हे आधी विचारावे. समुद्र दिसणाऱ्या खिडकीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा जनरेटर असलेली खोली बरी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी पुष्कळदा मचूळ असते, साबणाला फेस येत नाही आणि ते पिण्याजोगे नसते. पिण्याच्या पाण्याचे कॅन गावातून न्यावेत. चिरालाच्या हातमागाच्या साड्या प्रसिद्ध आहेत. दुपारची वेळ तेथे घालवणाऱ्यांचा हिशोब मात्र कोलमडण्याची शक्यता असते.

भाषेची अडचण हा परगावच्या सहलीतला न दिसणारा खर्च असतो. ज्याला भाषा येत नाही, त्याला रिक्षाचे भाडे जास्त पडते आणि खोलीच्या अटी उशिरा कळतात. तामसीच्या मराठी माणसाची स्थिती या बाबतीत हेवा करण्याजोगी आहे. घरात मराठी, कचेरीत आणि बाजारात तेलुगू, असा त्याचा रोजचा व्यवहार असल्याने सूर्यलंकेला तो तेलुगूत भाव करू शकतो आणि मालवणात मराठीत. निजामी राजवटीच्या काळी आदिलाबाद जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ च्या पुनर्रचनेत नांदेडकडे गेला आणि तामसी अलीकडे राहिली. सहलीपुरता तरी त्या सीमेचा लाभ दोन्ही किनाऱ्यांवर घेता येतो.

पूर्व किनाऱ्याचा एक धोका मात्र विसरता येत नाही. बंगालच्या उपसागरात पावसाळ्यापूर्वीचा, म्हणजे एप्रिल ते जूनचा आरंभ, हा चक्रीवादळांचा एक हंगाम आहे. २०१० च्या मे महिन्यात ‘लैला’ हे चक्रीवादळ बापट्ल्याजवळच जमिनीवर आले होते. निघण्याआधीच्या आठवड्यात हवामान विभागाचा अंदाज रोज पाहावा आणि कमी दाबाचा पट्टा तयार होत असल्याचे वृत्त आल्यास बेत पुढे ढकलावा. म्हणूनच खोलीचे आगाऊ पैसे भरताना ते कोणत्या अटीवर परत मिळतील, हे लेखी, निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी घेऊन ठेवणे हिताचे. एकूण पाहता आंध्रच्या किनाऱ्यासाठी सुटी लागल्याबरोबर, एप्रिलचा शेवटचा आठवडा गाठणे उत्तम. मेचा मध्य उन्हाच्या आणि वादळाच्या दोन्ही दृष्टींनी गैरसोयीचा.

मेमध्येच जाणे भाग असेल, तर पश्चिमेकडे वळावे. मुंबईला जाणारी नंदिग्राम एक्स्प्रेस आदिलाबाद आणि किनवटवरून जाते. ती ठाण्याला सोडून कोकण रेल्वेची गाडी धरता येते. अथवा मुंबईत गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याची बोट घेऊन अलिबाग गाठता येते. या बोटीच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग ही बस समाविष्ट असते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. मुरूड, काशीद, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. बेताच्या खर्चात राहणाऱ्यांसाठी कोकणाचे खरे बळ तेथील घरगुती मुक्कामात आहे. माडांच्या वाडीतील घराच्या दोन-तीन खोल्या, घरच्या बाईच्या हातचे जेवण आणि माणशी ठरावीक दर, अशी ही व्यवस्था रिसॉर्टपेक्षा स्वस्त पडते, आणि तापलेल्या सिमेंटच्या इमारतीपेक्षा वाडीतली सावली दुपारी अधिक उपयोगी ठरते. माळकरी घरांनी स्वयंपाकघर एकच आहे की वेगळे, हे फोनवरच विचारून घ्यावे. कोकणात तसे विचारणे कोणाला वावगे वाटत नाही. सरकारी सोय हवी असेल, तर गणपतीपुळे आणि तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत.

कोकणची अडचण गर्दीची आहे. मे महिन्यात मुंबईतील चाकरमानी गावी जातात, पुण्याकडची मंडळी मोटारी घेऊन उतरतात आणि कोकण रेल्वेची तिकिटे आरक्षण खुले झाल्यावर लवकरच संपतात. दोन गाड्यांचे जुळवून घेताना पहिली उशिरा पोहोचली तर दुसरी हुकते आणि सामान्य डब्यातून उभ्याने प्रवास करण्याची पाळी येते. मध्ये निदान अर्ध्या दिवसाचे अंतर ठेवावे. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ५ जूनच्या सुमारास गोव्यात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचतो; समुद्र त्याच्या आधीच खवळू लागतो. त्यामुळे २० मेनंतरचा बेत कोकणासाठीही धोक्याचाच धरावा.

गोव्याचे नाव काढताच खर्चाची धास्ती वाटते, ती पूर्णतः खरी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिकंदराबाद ते वास्को द गामा ही आठवड्यातून दोनदा धावणारी एक्स्प्रेस सुरू झाल्यापासून तेलंगणातून गोव्याला जाणे पूर्वीपेक्षा सरळ झाले आहे. आदिलाबादकरांना सिकंदराबादला गाडी बदलावी लागते आणि प्रवासात दोन रात्री जातात, एवढाच तोटा. डिसेंबरमध्ये चढलेले गोव्यातील खोल्यांचे भाव मे महिन्यात उतरलेले असतात. मडगावला उतरून कोलवा जवळ आहे, वास्कोहून बोगमाळो. उत्तरेकडील कळंगुट-बागाच्या गजबजाटापेक्षा कुटुंबाला दक्षिण गोवाच मानवतो. कोलवा, मिरामार, कळंगुट येथे गोवा पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. स्थानिक फिरण्यासाठी टॅक्सीऐवजी कदंबची बस धरली, तर खर्च पुष्कळ खाली येतो. गोव्याच्या बाजूने आणखी एक महत्त्वाची गोष्ट बोलते. तेथे २००८ पासून प्रमुख किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. पोहता न येणाऱ्या मैदानी माणसासाठी ही सोय कोणत्याही सवलतीपेक्षा मोलाची आहे.

विशाखापट्टणमचा ऋषिकोंडा किनारा देखणा आहे, त्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकनही मिळाले. पण ते मोठे शहर आहे. खोली, रिक्षा, जेवण सारेच शहरी दराने. प्रेक्षणीय स्थळांची हौस असलेल्यांनी तेथे जावे. केवळ समुद्रासाठी इतके लांब जाण्याचे कारण नाही.

पैशांच्या बारीकसारीक बाबींपैकी काही माहीत असणे आवश्यक आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पूर्वीचा १२० दिवसांचा काळ आता राहिलेला नाही. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल, तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाला बर्थ हवा असेल, तर पूर्ण भाडे पडते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, हे अजूनही अनेकांना खिडकीवर गेल्यावरच कळते. तेलंगणातील महिलांना ९ डिसेंबर २०२३ पासून पल्लेवेलुगू आणि एक्स्प्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. त्यामुळे तामसी ते आदिलाबाद, आणि प्रसंगी हैदराबादपर्यंतचाही घरातील स्त्रियांचा खर्च वाचतो. ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ हवे. आंध्रमध्ये अशीच योजना १५ ऑगस्ट २०२५ पासून आहे, पण ती त्या राज्याच्या रहिवाशांसाठी. विजयवाड्याला तेलंगणाचे आधार कार्ड दाखवून उपयोग नाही. महाराष्ट्रात राज्य परिवहनाच्या बसमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. फोनवर सांगितलेला दर करासह की कराविना, हे विचारावे.

‘रिसॉर्ट’ या शब्दाला मात्र काही नियम नाही. दोन खोल्या आणि एक झोपाळा असलेल्या जागेवरही ती पाटी लागते. मोबाइलवर दिसणाऱ्या छायाचित्रांऐवजी तीन प्रश्न विचारावेत : समुद्र किती पावलांवर आहे, जेवण तेथेच मिळते की गावात जावे लागते, आणि चौघांना एक खोली चालेल का. जादा गादीचा दर ठिकाणागणिक बदलतो आणि मोठ्या कुटुंबाचा हिशोब तेथेच फिसकटतो. सरकारी निवासस्थानांचे आरक्षण त्या त्या महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. नामांकित हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार सुटीच्या दिवसांत वाढतात. सगळी रक्कम एकदम मागितली जात असेल, तर तेथे थांबावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

याहून मोठी किंमत समुद्रात उतरताना मोजावी लागू शकते. विहिरीत आणि कालव्यात पोहायला शिकलेला तरुण समुद्रातही त्याच विश्वासाने उतरतो, आणि दर उन्हाळ्यात बुडणाऱ्यांत मैदानी भागातून आलेले तरुण असतात. सूर्यलंका आणि वाडरेवु परिसरात अशा दुर्घटनांनंतर पोलिसांनी किनारे काही काळ बंद ठेवल्याचे प्रसंग घडले आहेत. गणपतीपुळ्याचा समुद्र देवळासमोर शांत वाटतो, पण तोही पोहण्यास धोकादायक आहे.

धोका लाटेचा कमी आणि परतणाऱ्या पाण्याचा जास्त असतो. लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत आत जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी संथ दिसते, म्हणून घाबरणारा माणूस नेमका तोच भाग निवडतो. ओढ लागल्यावर किनाऱ्याच्या दिशेने झगडणाऱ्याचा दम काही मिनिटांत संपतो. हा प्रवाह रुंद नसतो. त्याच्याशी न झुंजता किनाऱ्याला समांतर सरकत राहिले, तर त्यातून बाहेर पडता येते. तेवढेही जमत नसेल, तर उताणे तरंगत राहून हात वर करावा. बुडणाऱ्याला वाचवायला पाठोपाठ उडी घेणाऱ्या नातलगाचाच बळी जातो, असे पुष्कळदा घडते. दोर, रिकामा कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब फेकणे अधिक उपयोगाचे. पोहता न येणाऱ्याने गुडघ्यापलीकडे पाणी जाऊ देऊ नये. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागाच वापरावी. लाल झेंडा असेल तेथे पाय बुडवायलाही जाऊ नये. सूर्यास्तानंतर पाण्यात उतरू नये, आणि दारू घेतलेल्याला तर मुळीच उतरू देऊ नये.

भरती-ओहोटीची सवय नसलेल्यांना आणखी एक फरक लक्षात ठेवावा लागतो. आंध्रच्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी दीड मीटरच्या आत चढते, तर मुंबई-अलिबागकडे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास चार मीटरहून अधिक. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत चालत जाता येते आणि भरती आली की वाट पाण्याखाली जाते. भरतीच्या वेळा मुक्कामाच्या घरी विचारून मगच बाहेर पडावे. तारखा ठरवतानाच पंचांग पाहून अमावस्या-पौर्णिमा टाळली, तर पश्चिम किनाऱ्यावरचा मुक्काम अधिक निर्धास्त होतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातील कृष्णा एक्स्प्रेससाठी आरक्षण फेब्रुवारीच्या अखेरीस खुले होते, आणि परतीचे तिकीट त्यानंतर मुक्कामाइतक्या दिवसांनी. परतीच्या गाड्या मेच्या पहिल्या आठवड्यात तिरुपतीहून परतणाऱ्या भाविकांमुळे भरलेल्या असतात; जाण्याच्या तिकिटापेक्षा त्याचीच काळजी आधी घ्यावी.